साडेतीन ग्रॅम दगड

सोनाळ्याच्या माणसाला समुद्राचं काय, हा प्रश्न फ्रँकफर्टमधल्या मराठी मंडळींनीही मला विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर अंबाबरव्याचं जंगल, गावात सोनाजी महाराजांचं देऊळ, आणि समुद्र म्हणाल तर शेकडो किलोमीटर लांब. पण खाऱ्या पाण्याशी आमची ओळख जुनी आहे. गावाच्या दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. माझं आजोळ तिकडचं. तिथल्या विहिरीच्या पाण्यावर ओलित केलं की काळी जमीन हळूहळू आवळत जाते, पाणी जिरत नाही, वाळली की ढेकळं दगडासारखी होतात. पिण्याच्या पाण्याचं तर विचारूच नका. आता गावोगावी आरओचे जार फिरतात. फ्रँकफर्टच्या घरात मी प्रवाळांची टाकी ठेवली आहे, तिचं पाणी तयार करायलाही पहिलं यंत्र लागतं ते आरओचंच. आधी पाण्यातलं सगळं काढून टाकायचं आणि मग मोजून मीठ घालायचं.

मीठ म्हणजे नुसतं मीठ नव्हे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्यावरून आलेल्या ७७ नमुन्यांचं विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करण केलं. खारटपणा इकडे-तिकडे कमीजास्त होता, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यात कॅल्शियम ४१० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, पोटॅशियम ४०० च्या जवळ. आजोळच्या विहिरीत हे प्रमाण नाही. तिथे सोडियमचं राज्य आहे. दोन्ही पाणी जिभेला खारंच लागतं, पण एकात प्रवाळ वाढतं आणि दुसऱ्यात काहीच धड वाढत नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे, हे अजूनही पाहुण्यांना सांगावं लागतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. त्या बळावर प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून स्वतःखाली दगड रचत जातं. हे रचणं सतत चालू असतं, म्हणूनच पाण्यात भर घालावी लागते. किती घालायची, एवढाच काय तो या कलेचा प्रश्न, आणि बाटलीवरचं लेबल त्याचं उत्तर देऊ शकत नाही. तुमच्या टाकीतली प्रवाळं आज किती जेवली हे बाटलीवाल्याला कुठून कळणार?

ते कळतं पाण्याच्या क्षारतेवरून, म्हणजे खारटपणावरून नव्हे, तर त्यातल्या कार्बोनेटच्या साठ्यावरून. ही क्षारता आम्ही जर्मन अंशांत मोजतो. नळाच्या पाण्याच्या कठीणपणासाठी केलेलं जुनं जर्मन माप आता जगभरचे प्रवाळवाले वापरतात. समुद्रात ती सात अंशांच्या आसपास असते, मी आठावर ठेवतो. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब एकेक टाकायचे, निळा रंग पिवळा झाला की थेंबांचा हिशेब करायचा. समजा दोनशे लिटरच्या टाकीत चोवीस तासांत क्षारता एक अंशाने उतरली. याचा अर्थ प्रवाळांनी त्या दिवशी साधारण साडेतीन ग्रॅम दगड रचला. ती भरून काढायला सहा ग्रॅम खायचा सोडा लागतो, आणि कॅल्शियम क्लोराइड साडेपाच ग्रॅमच्या आत. एक अंश क्षारता म्हणजे आठातला एक, आठवा हिस्सा गेला. त्याच वेळी कॅल्शियम उतरतं लिटरमागे जेमतेम सात मिलिग्रॅम, चारशेवीसातले सात. हा फरक घरच्या किटवर नीट दिसतही नाही. म्हणून कॅल्शियम रोज मोजणारा माणूस दिसला की मी ओळखतो, हा नवा आहे. क्षारता रोज पाहावी, कॅल्शियम आठवड्याला पुरे.

मॅग्नेशियमचं काम निराळं. कॅल्शियम आणि कार्बोनेट समुद्राच्या पाण्यात इतकं आहे की ते एरवी आपोआप चुनखडी होऊन तळाला बसलं असतं. मॅग्नेशियम त्या स्फटिकांच्या तोंडावर बसतं आणि त्यांची वाढ अडवतं. ते कमी पडलं तर तुम्ही वरून कितीही ओता, प्रवाळाआधी पंप आणि हीटरवरच दगड चढतो.

भर घालायची सगळ्यात जुनी रीत मला सगळ्यात आवडते. पानाला लावतात तो चुना पाण्यात कालवून स्थिर होऊ द्यायचा आणि वरची निवळी घ्यायची. आपल्याकडे चुन्याची निवळी घराघरात औषध म्हणून असायची. इकडे १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी ती प्रवाळांच्या टाकीत रूढ केली. तिच्यातून कॅल्शियम आणि क्षारता प्रवाळाला हवी त्याच प्रमाणात येते आणि मागे काही उरत नाही. मात्र ती जहाल असते, पीएच बाराच्या वर. थेंबथेंब, शक्यतो रात्री सोडायची. शिवाय दिवसाला जेवढं पाणी उडून जातं त्यापेक्षा जास्त घालता येत नाही, नाहीतर खारटपणाच उतरतो. वरच्या हिशेबाच्या टाकीला पावणेदोन लिटर निवळी पुरते. प्रवाळं वाढून मागणी दुप्पट झाली की ही रीत थकते.

मग सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड वेगवेगळ्या डब्यांतून पंपाने सोडावं लागतं. इथे खारपाणपट्टा माझ्या मदतीला आला. या दोन क्षारांतून प्रवाळ आपल्याला हवं ते उचलतं आणि पाण्यात उरतं ते साधं मीठ, सोडियम क्लोराइड. महिनोन्महिने ते साचत गेलं की समुद्राचं प्रमाण बिघडतं आणि टाकी आजोळच्या विहिरीच्या वाटेला लागते. शेतात सोडियम साचलं तर जिप्समचं कॅल्शियम घालून ते मातीच्या कणांवरून सोडवतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली निचरून जाऊ देतात. काचेच्या टाकीला निचरा नसतो. हान्स-वर्नर बालिंग या जर्मन रसायनतज्ज्ञाने याचा तोडगा असा काढला की तिसरा डबा ठेवायचा: समुद्री मिठातलं सगळं, फक्त सोडियम क्लोराइड वगळून. उरलेलं मीठ आणि हा डबा मिळून पुन्हा समुद्राचंच पाणी होतं. वाढलेला खारटपणा थोडं पाणी काढून आणि साधं आरओचं घालून खाली आणायचा. मला हे सगळ्या महागड्या बाटल्यांपेक्षा देखणं वाटतं.

नायट्रेट आणि फॉस्फेटची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि मतभेद आहेत ते इथेच. प्रवाळभिंतीभोवतीचं पाणी पोषणाच्या दृष्टीने दरिद्री असतं, म्हणून टाकीतही दोन्ही शून्यावर आणावीत अशी जुनी शिकवण होती. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे आले, जिवाणू वाढवायला व्होडका घालण्याची टूम आली, आणि लोकांनी खरंच शून्य गाठलं. प्रवाळं फिकी पडली, कुठे टोकं पांढरी झाली, कुठे वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर चढला. कारण समुद्रातलं पाणी दरिद्री असलं तरी प्रवाहातून अन्नाचे कण सतत येत असतात, आणि टाकीत ते नसतात. २०१३ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने दाखवून दिलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार अशी जोडी असेल तर उष्णता आणि उजेड सोसण्याची प्रवाळाची ताकद कमी होते, ते लवकर पांढरं पडतं. म्हणजे दोष नुसत्या जास्तीचा नव्हता, एकाच्या जास्तीत दुसऱ्याच्या तुटीचा होता.

हे मला संत्र्याच्या बागेने आधीच सांगितलेलं होतं. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह आणि जस्त मातीत असतं, पण झाडाला उचलता येत नाही. त्यात स्फुरदाचं खत वाजवीपेक्षा जास्त पडलं की जस्ताची टंचाई आणखी वाढते. हिरवळ हवी म्हणून शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि टॉनिकची बाटली घेऊन येतो. बाबांचा मात्र आधी माती आणि पान तपासून घेण्यावर भर. टाकीबद्दल फोनवर त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेही हेच: “अन् त्याले खत कोनतं टाकतं?” मी सोडा आणि चुना म्हणालो. “मंग बरं हाये, सस्त्यात हाये,” एवढाच शेरा मिळाला. ज्याचा तुटवडा सर्वांत मोठा, त्यावरच वाढ अडते, हा नियम लीबिश या रसायनशास्त्रज्ञाने ज्या गीसेनच्या विद्यापीठात असताना गाजवला ते इथून तासाभराच्या अंतरावर आहे. त्याच्या आधी तो कार्ल श्प्रेंगेलने मांडला होता, ही गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आज मी नायट्रेट लिटरमागे पाच ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट पाच ते दहा शतांश मिलिग्रॅम यांच्या मध्ये ठेवतो. फॉस्फेट खाली गेलं की गाळणीशी खेळण्यापेक्षा माशांना चिमूटभर जास्त खाऊ घालतो. टाकीत सर्वांत जास्त फॉस्फेट येतं ते त्याच वाटेने. आणि पोषण कमी असताना क्षारता दहा-अकरावर चढवत नाही. दगड रचायचा वेग वाढतो आणि त्यावर कातडं चढवायला मांसाला बळ नसतं, टोकं जळतात ती तिथेच.

उरल्या त्या आयोडीन, स्ट्रॉन्शियम, लोह, मँगनीज असल्या किरकोळ द्रव्यांच्या रंगीत बाटल्या. दुकानाचा नफा यात असावा. आयोडीन समुद्रात लिटरमागे सहा शतांश मिलिग्रॅम असतं. एका टोपणाची चूक लहान टाकीत ते दुप्पट-तिप्पट करू शकते. जे मोजलं नाही ते घालायचं नाही, हे मी पाळतो. वर्षातून एक-दोनदा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला की तीसेक मूलद्रव्यांचा तक्ता येतो, तेवढा पुरतो. टाकी लहान असेल आणि प्रवाळं मोजकी असतील तर तोही नको. आठवड्याला दहा टक्के पाणी चांगल्या समुद्री मिठाच्या पाण्याने बदला. बाटल्यांवरचा खर्च वाचतो आणि प्रवाळांचं काही बिघडत नाही.

हे सगळं मी जर्मनीत बसून लिहितोय हे विसरू नका. इथे माझ्याकडे आहेत त्या टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांच्या फांद्या आहेत, कागदपत्रांसह घेतलेल्या. भारतात दगड रचणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ती घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि शोभेचा मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. खाऱ्या पाण्याची टाकी करायची हौस असेल तर माशांची करा, क्षारता मोजायचा सराव तीवरही होतो. प्रवाळं पाहायची असतील तर मालवणला जा, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्यात उतरून पाहा, पाय ठेवू नका, आणि कोणी किनाऱ्यावर तुकडा विकायला आणला तर घेऊ नका.