बॅग उचलणाऱ्यांचं घर

आमच्या घरात गोल्फ आला तो खांद्यावरून. आज्जा पुण्यात येरवड्याच्या मैदानावर कॅडी होता, त्याच्या मागोमाग माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथेच गेले, आणि मी आज मुलांना हाच खेळ शिकवून घर चालवतो. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात असा नियम आहे. अण्णांकडे तरुणपणी एकच होता, कुणा साहेबांनी टाकून दिलेला, मूठ झिजलेला सात नंबर. त्याआधी तर वाकवलेली सळई. मैदान बंद असेल त्या दिवशी कॅडींना खेळायला मिळायचं, आणि अण्णा त्या दिवसाची आठवडाभर वाट बघायचे. त्या एकाच क्लबने ते लांबचा फटका मारत, पातं उघडून बंकरमधून बॉल काढत आणि ग्रीनवर आल्यावर त्याच्याच धारेने पटिंगही करत. हात काय असतो ते मला तिथे कळलं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी अधूनमधून एकच क्लब देऊन मैदानावर सोडतो ते त्यामुळेच.

पण आज्जाच्या लेखी हातापेक्षा नजर मोठी. आपल्याकडच्या ग्रीनवरचं बर्म्युडा गवत हे हरळीच्याच कुळातलं, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या घरचं. कितीही बारीक कातरलं तरी ते ताठ उभं राहत नाही, एका अंगाला कलतं. आज्जा बॉलच्या मागे उकिडवा बसायचा आणि मलाही शेजारी बसवायचा. भोकाकडे बघताना गवत चकाकलं तर पाती पलीकडे झुकलेली, बॉल पळणार. गडद दिसलं तर पाती आपल्या अंगावर येतायत, जोर वाढवायचा. तरीही शंका राहिली तर भोकाची कड बघायची. एका बाजूने ती साफ कापलेली असते, दुसरीकडे उसवलेली आणि तपकिरी. गवताचा कल त्या उसवलेल्या बाजूला. आणि सकाळी बघितलेलं संध्याकाळी धरून चालायचं नाही, कारण दिवसभरात गवत वाढतं आणि बॉल मंदावतो. इतकं सगळं बघून झालं की तो साहेबांना एवढंच सांगायचा, ‘एक कप उजवीकडून.’

त्याच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात जुने बॉल होते, १.६२ इंच व्यासाचे. हा धाकटा बॉल १९९० पर्यंत नियमात बसायचा. आता १.६८ इंचांहून लहान बॉल चालत नाही. धाकटा बॉल वाऱ्यात कमी भरकटायचा, त्यामुळे नव्या बॉलसाठी वाऱ्याचा अंदाज नव्याने बांधावा लागला, असं आज्जा सांगायचा. उंचावरून पडलेल्या बॉलने ग्रीनवर खड्डा पडतो, तो मात्र त्याने कधी तसाच सोडला नाही, मग तो कुणाच्याही बॉलचा असो. अजूनही बहुतेक जण काटा खाली खुपसून माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि ती जागा वाळून जाते. काटा कडेला रोवायचा, चहूबाजूंनी गवत आत लोटायचं आणि वरून पटरने दाबायचं. मी मुलांना स्विंगच्याही आधी हे शिकवतो.

सेंट अँड्र्यूजच्या मॉरिस बापलेकांची गोष्ट मला वाचायला मिळाली तेव्हा ती आपल्याच भावकीतली वाटली. थोरला टॉम मॉरिस नामांकित खेळाडू होता, तसाच ग्रीनची निगा राखणाराही होता. १८६७ मध्ये ४६ व्या वर्षी त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, पुढच्याच वर्षी ती त्याच्या १७ वर्षांच्या पोराने जिंकली. सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान विजेता हे दोन्ही मान आजही या बापलेकांकडेच आहेत. १८६९ मध्ये पोरगा पहिला आला आणि बाप दुसरा. आपल्याकडेही अली शेर कॅडीगिरीतूनच वर आला आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. अण्णा त्याचं नाव आजही घरच्या माणसासारखं घेतात. क्लबांच्या भिंतींवर लाकडी फलक असतात, त्यांवर सोनेरी अक्षरांत कप्तानांची आणि विजेत्यांची नावं असतात. ज्यांनी त्या विजेत्यांना रेषा दाखवली त्यांचं नाव मी कुठल्याच फलकावर पाहिलेलं नाही. ते असायला हवं, हे माझं ठाम मत आहे.

७ ऑगस्ट २०२१ ला आम्ही सगळे पहाटेच टीव्हीपुढे बसलो होतो. टोकियोत अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती आणि तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. त्याआधी रिओला तिचे वडील कॅडी होते. आम्ही बघत होतो अदितीकडे आणि अण्णा बघत होते तिच्या आईकडे: पुढे कधी होते, बोलते कधी, गप्प कधी राहते. एका फटक्याने ब्राँझ हुकलं आणि अदिती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं, आख्खी गल्ली फटाक्यांनी दणाणली. अण्णा मात्र रात्री जेवतानाही म्हणत होते, ‘त्या माउलीने बॅग काय सांभाळली!’

माझी मुलगी आता ज्युनिअर स्पर्धांत खेळते. २०१९ पासून ग्रीनवरून पट करतानाही झेंडा भोकात ठेवता येतो. तिला तो तसाच हवा असतो, अण्णांचा हात मात्र सवयीने काठीकडे जातो. उंच झेंडा धरून उभं राहायचं, आपली सावली रेषेवर पडू द्यायची नाही, बॉल सुटला की काठी काढायची, हे काम त्यांनी उभी हयात केलं. ‘राहू द्या आबा,’ ती म्हणते, आणि ते कुरकुरत मागे सरकतात. उताराबद्दल मात्र ती त्यांना विचारल्याशिवाय पटर उचलत नाही. ते सांगतात ते पटलं नाही तर बसून वाद घालते, आणि हल्ली कधीकधी तिचंच बरोबर निघतं. तसं झालं की अण्णा ते घरी आल्यावर आईला दोनदा सांगतात.

तिची पुढची स्पर्धा १८ होलची आहे, म्हणजे आठ-दहा किलोमीटरची चाल. नियमाने एका वेळी एकच कॅडी घेता येतो. तिने मला विचारलंसुद्धा नाही, परस्पर अण्णांना सांगून टाकलं. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारे अण्णा आता रोज संध्याकाळी तिची भरलेली बॅग खांद्याला लावून गोल्फ क्लब चौकापर्यंत जाऊन येतात.