दिवेआगरच्या वाडीतला पाहुणचार

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करीत दिवेआगरला पोचलं की समुद्र आधी दिसत नाही. दिसतात त्या नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारी पायवाट आणि तिच्या टोकाला घर. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं हे गाव. इथली रोठा सुपारी फार पूर्वीपासून नावाजलेली. १९९७ साली एका वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि माणसांची रीघ लागली. मग कुणी माडी रिकामी करून दिली, कुणी पडवीला भिंती घातल्या. तो मुखवटा २०१२ साली चोरीला गेला आणि परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला नवा मुखवटा २०२१ मध्ये देवळात आला. पण पाहुण्यांची वाट एकदा पडली ती पडलीच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि वर्षानुवर्षं जोपासलेल्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ आज लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं तरी लागतात. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, वाडी गेली तेव्हा या दोन खोल्याच काय त्या हाताशी राहिल्या." तेव्हा पाहुण्यांच्या खोल्या ही हौस नव्हे, त्यावर घर चालतं.

आता बुकिंग मोबाइलवर होतं. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेली एअरबीएनबी चांगल्या यजमानाला 'सुपरहोस्ट' म्हणते. त्यासाठी वर्षात साधारण दहा मुक्काम, पाचपैकी किमान ४.८ गुण, शंभरातल्या नव्वद चौकशांना चोवीस तासांत उत्तर आणि कबूल केलेलं बुकिंग स्वतःहून मोडण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी, अशा अटी आहेत. नीट पाहिलं तर यात गाद्या किती मऊ हे कुठेच नाही. सारा भर शब्द पाळण्यावर!

एकाच आळीत एक घर भरलेलं आणि शेजारच्याला कुलूप, असं का, याचं उत्तरही मला तिथेच मिळालं. वहिनींनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "समुद्र खिडकीतून दिसत नाही हं, वाडीतून सात मिनिटं चालावं लागतं. ए. सी. एकाच खोलीत आहे. वीज जाते, पण पंख्यापुरता इन्व्हर्टर आहे." आधी कळलेली उणीव कुणाला बोचत नाही, लपवलेली मात्र पहिल्या दिवशीच नजरेत भरते आणि दुसऱ्या दिवशी शेऱ्यात उतरते.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. कोकणातल्या दमट हवेत चादरीला कुबट वास पटकन येतो. वहिनी चादरी-अभ्रे कडक उन्हात वाळवतात, न्हाणीघर कोरडं ठेवतात आणि पाहुणे येण्यापूर्वी खोलीत स्वतः पाच मिनिटं बसून पाहतात. नळ गळतो का, पंखा वाजतो का, हे बसल्याशिवाय कळत नाही.

तिसरं जेवण. त्यांच्याकडे पंजाबी भाज्यांची यादी नाही. आमटी-भात, भाजी, सोलकढी, आणि आदल्या दिवशी किती ते सांगितलं तर उकडीचे मोदक. त्यामुळे अन्न वाया जात नाही आणि बाईची धावपळही होत नाही.

मला सर्वांत आवडलं ते मात्र त्यांचं 'नाही' म्हणणं. दारू नाही, रात्री दहानंतर गोंगाट नाही, दोन खोल्यांत पंधरा माणसं तर मुळीच नाही. गणपतीत घर पाहुण्यांना बंद. आपल्याकडे आल्यागेल्याचं करता करता बाईचा जन्म जातो आणि त्या कष्टाची मोजदाद कुणी करीत नाही. वहिनी म्हणाल्या, "रांधणारे हात तेच आहेत, पण आता हिशेबाची वही माझी आहे." त्या वहीत मदतीला येणाऱ्या मुलीचा पगार आहे, साबण आणि गॅस आहे, नि स्वतःची मजुरीही आहे. ती धरली नाही, तर नफा दिसतो तो आपल्याच कंबरेतून काढलेला असतो!

मैत्रिणींनो, तुमचं गावाकडचं घर किंवा वरची खोली रिकामी असेल तर विचार करायला हरकत नाही. राज्याच्या पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेची माहिती घ्या. २०२३ साली राज्याने आणलेल्या 'आई' धोरणात महिलांना पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठराविक मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. प्रत्येकाचं ओळखपत्र पाहा. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते. आणि सुरुवातीलाच घरात बसून ठरवून घ्या : पहाटे चहा कोण करणार, चादरी कोण धुणार आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार. या तीन प्रश्नांची उत्तरं एकाच बाईकडे बोट दाखवत असतील, तर निदान तिसरं तरी तिच्याकडे नक्की असू द्या.