चित्र भिंतीवर जातं तेव्हा

चित्रकाराच्या पहिल्या प्रदर्शनाचा हिशेब बहुधा दोनच आकड्यांत मांडला जातो: किती लोक आले आणि किती चित्रांखाली लाल टिकली लागली. या हिशेबाने पाहिलं तर आधुनिक चित्रकलेतलं सर्वांत गाजलेलं पहिलं प्रदर्शन साफ बुडालं होतं. 15 एप्रिल 1874 रोजी पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादारने सोडलेल्या स्टुडिओत मोने, रेन्वार, देगा, पिसारो, सेझान, बेर्त मोरिझो आणि त्यांचे सोबती असे तीसेक चित्रकार पदरमोड करून, स्वतःची संस्था काढून एकत्र आले. महिनाभरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं तिकडे फिरकली. त्याच वर्षी सालोंला, म्हणजे सरकारी चित्रप्रदर्शनाला, काही लाखांची गर्दी झाली. टीकाकार लुई लरवाने मोनेच्या एका चित्राच्या नावातला ‘इम्प्रेशन’ हा शब्द धरून सगळ्यांचीच टर उडवली. वर्षअखेरीला हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या अंगावर 184 फ्रँक 50 सांतीमचं देणं निघालं आणि संस्था गुंडाळावी लागली. तरीही यांतल्या अनेकांनी 1886 पर्यंत आणखी सात प्रदर्शनं भरवली. हे निव्वळ हट्टापायी झालं असं मला वाटत नाही. विक्रीच्या वहीत न उतरणारं काहीतरी त्यांच्या हाती लागलं होतं. चित्र काढून झालं तरी चित्रकाराचं काम संपत नाही. ते कुठे, किती अंतरावरून, कोणाच्या शेजारी पाहिलं जाईल, हाही त्याच कामाचा भाग असतो.

सालोंमध्ये यातलं काहीच चित्रकाराच्या हाती नव्हतं. परीक्षक मंडळ चित्र घेणार किंवा नाकारणार, आणि घेतलं तरी ते चौकटीला चौकट भिडवून थेट छतापर्यंत रचलेल्या भिंतीवर कुठेतरी जाणार. नादारच्या खोल्यांत चित्रं दोनच ओळींत लावली होती, लहान चित्रं खालच्या ओळीत, डोळ्यांसमोर. दिवसा कामावर असणाऱ्यांना येता यावं म्हणून संध्याकाळी आठ ते दहा दिवे लावून दालन उघडं ठेवलं जाई. वरवर ही व्यवस्थापकाची कामं. पण मोनेच्या रस्त्यावरच्या गर्दीत माणसं म्हणजे ब्रशचे काळे फराटे आहेत; अंतर योग्य असेल तर ते फराटे चालू लागतात, नाहीतर फराटेच राहतात. लरवाने नेमकी त्यांचीच थट्टा केली. चांगलं चित्र कुठेही टांगलं तरी चांगलंच दिसतं, असं म्हणणाऱ्यांनी हे फराटे आठवावेत. पुढच्या काळात पिसारो आणि देगा यांनी सोनेरी नक्षीच्या जागी पांढऱ्या चौकटी वापरून पाहिल्या, आणि मोने तर याच वाटेने शेवटपर्यंत गेला. त्याची कमळांची चित्रं 1927 मध्ये पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात लोकांसाठी खुली झाली ती दोन लंबवर्तुळाकार दालनांत, वरून झिरपणाऱ्या दिवसाच्या उजेडात. ती दालनं कशी असावीत याचा विचार त्याने चित्रांइतक्याच जिद्दीने केला होता.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. मांडणी चित्रकाराच्या हातात असेलही, पण बघणारा नसतो; मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? लोक 1874 मध्ये हसलेच ना? हसले. मांडणीने पसंती मिळत नाही, आणि तशी आशा धरणाऱ्याची निराशाच होते. पण परीक्षकांनी बंद दाराआड नाकारलेल्या चित्राबद्दल चित्रकाराला काहीच कळत नाही. भिंतीवर हसं झालेल्या चित्रासमोर तो स्वतः उभा राहू शकतो आणि नेमकं कुठे बिनसलं, की काही बिनसलेलंच नाही, हे आपल्या डोळ्यांनी ठरवू शकतो. कधी कधी याहून मोठी किंमत मोजावी लागते. चित्रकार अकबर पदमसी यांचं पहिलं एकल प्रदर्शन 1954 मध्ये मुंबईत, दोनच वर्षांपूर्वी उघडलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत भरलं. ‘लव्हर्स’ या चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा ठपका ठेवून ती उतरवायला सांगितलं. पंचविशीतल्या पदमसींनी नकार दिला, अटक ओढवून घेतली, खटला लढवला आणि जिंकला. चित्रं उतरवून बाकीचं प्रदर्शन सुखरूप पार पाडता आलं असतं. पहिलंच प्रदर्शन, कोणी नावंही ठेवली नसती. पण चित्र कसं पाहिलं जावं हे ठरवणाऱ्याला, ते पाहिलं जावं यासाठीही उभं राहावं लागतं. पॅरिसच्या मंडळींनी नादारच्या खोल्यांत जे मागितलं, तेच पदमसींनी न्यायालयात मागितलं.

राहतो सेझान, आणि तो या सगळ्या युक्तिवादाला सहजी जुमानत नाही. तो 1874 मध्ये होता, 1877 मध्ये होता, दोन्ही वेळा त्याच्या वाट्याला टवाळी आली आणि त्यानंतर या गटाच्या प्रदर्शनांत तो परतला नाही. पहिलं प्रदर्शन माणसाला मिटवूनही टाकू शकतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने ते सोसावंच असा आग्रह मी धरणार नाही. 1895 मध्ये व्होलार नावाच्या तरुण विक्रेत्याने त्याचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं, तेव्हा सेझान छप्पन्न वर्षांचा होता. मधली वर्षं त्याने बहुतांशी लोकांच्या नजरेआड, आपल्या एक्स गावाच्या परिसरात रंगवण्यात घालवली. व्होलारच्या भिंतींवर मात्र मोने, देगा, रेन्वार, पिसारो यांनी ती चित्रं पाहिली, आणि त्यांतली काही स्वतःसाठी घेतली.