मेस किती?

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की आमच्या दुष्काळी तालुक्यात प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. पेरणीचा हंगामही तेव्हाच असतो आणि दोन्हींचा खर्च एकाच घरातून निघायचा असतो. बियाणं-खताची उधारी ज्या आठवड्यात दुकानदाराच्या वहीवर चढते, त्याच सुमारास घरातला पोरगा मोबाइलवर इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची यादी खालीवर करत बसलेला असतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, त्यामुळे ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी मुलं माझ्याकडे येतात. ‘सर, कुठलं कॉलेज चांगलं?’ एवढाच प्रश्न असतो. घरी कमावणारे किती, रान किती, पाठची भावंडं किती, हे विचारल्याशिवाय मी उत्तर देत नाही. मुलांना वाटतं, सर विषय टाळतायत.

कॉलेज कसं निवडावं यावर सल्ल्यांना तोटा नाही. मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघा, प्लेसमेंट बघा, शाखा बघा. सल्ला चुकीचा नसतो, पण तो देणाऱ्यानं पैशाचा प्रश्न सुटलाय असं धरलेलं असतं. ज्याच्या घरी तो सुटलेला नाही, त्याची यादी दुसऱ्या टोकानं सुरू होते. तो आधी कुठं जाता येणार नाही ते खोडतो आणि उरलेल्यांतून निवडतो. या खोडण्याला कुणी निवड म्हणत नाही. चार वर्षं मात्र त्यावरच ठरतात.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. वडील गवंडी. नखांच्या कडांना सिमेंट धरलेलं, शर्ट मात्र इस्त्रीचा. मुलीनं चौकटीच्या वहीत रकाने आखले होते : कॉलेज, शाखा, गेल्या वर्षीचा कट-ऑफ, घरापासूनचं अंतर. पुण्याची नावं वर, मग सांगली, मग कराड. आम्ही दोघं बराच वेळ कॉम्प्युटर की इलेक्ट्रिकल करत बसलो. वडील ऐकत होते. शेवटी म्हणाले, “सर, शाखेचं तुम्ही आन् ती ठरवा. मेस किती पडंल, तेवढं सांगा.”

त्या वहीत मेसचा रकाना नव्हता. माहितीपुस्तिकेतही तो सहसा नसतो.

वास्तविक शिक्षणशुल्काची सोय आपल्या राज्यात बरीच आहे, हे मान्य करायला हवं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षणशुल्क मिळतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं पूर्ण शिक्षणशुल्क शासन भरतं. शिवाय टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात. मंजूर प्रवेशक्षमतेच्या पाच टक्के, त्याही जादाच्या, आणि त्यांना शिक्षणशुल्क माफ. या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी ‘टी’ लागतो. ते एक अक्षर ठाऊक नसल्यानं आपला हक्काचा कोड न टाकताच फॉर्म पक्का करणारी मुलं दरवर्षी भेटतात.

पण माफी मिळते ती शिक्षणशुल्काची. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, लॅपटॉप, पहिल्या महिन्याची गादी-बादली हे सगळं रोख लागतं. शिष्यवृत्तीचे पैसे शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून यायचे ते त्यांच्या सवडीनं. पात्र मुलाकडून आधी पूर्ण फी वसूल करू नका, असं शासन कॉलेजांना वारंवार बजावतं. तरी खिडकीवरचा कारकून ‘आत्ता भरा, आलं की परत देऊ’ असं म्हणाला, तर गवंड्यानं त्याला शासननिर्णयाचा क्रमांक ऐकवायचा का? तो गप्प उभा राहतो आणि बाहेर येऊन मेव्हण्याला फोन लावतो. शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या त्या महिन्यांचं व्याज कुठल्याच योजनेत धरलेलं नसतं.

सरकारी म्हणजे स्वस्त, ही समजूतही जुनी झाली. राज्यातल्या एक-दोन नामांकित स्वायत्त सरकारी संस्थांची वर्षाची फी आता लाखाच्या आसपास गेली आहे. सवलतीत बसला तर ठीक. दाखला वेळेत मिळाला नाही तर तीच संस्था लांबच्या खासगी कॉलेजाइतकी महाग.

हे असं का झालं याचा थोडा इतिहास आहे. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराड आणि औरंगाबादची सरकारी कॉलेजं १९६० ची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राज्यात जागा मोजक्याच होत्या, आणि ऐपत असलेल्यांची मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि बघता बघता माळरानांवर इमारती उठल्या. दादांना शिव्या घालणं सोपं आहे. मी घालत नाही. त्या इमारतींतूनच आमच्या भागातली पहिली इंजिनिअर पिढी बाहेर पडली. फक्त एक झालं. पूर्वी जागा नाही म्हणून अडायचं, आता जागा मिळून अडतं.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला २०२४ साली धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकलची जागा मिळाली होती. जागा स्वीकारण्यासाठी साडेसतरा हजार रुपये भरायचे होते. गावातून पैसे गोळा होईपर्यंत मुदतीची शेवटची मिनिटं आली आणि भरणा पूर्ण व्हायच्या आत पोर्टल बंद झालं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० सप्टेंबर २०२४ ला न्यायालयानं राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. निकाल वाचून सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. पण साडेसतरा हजारांसाठी देशाच्या सरन्यायाधीशांना बसावं लागलं, हेही त्याच बातमीत होतं. आमच्याकडच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, जागा स्वीकारायला हजार रुपये लागतात. तेवढे जमतात. घोडं पुढं पेंड खातं.

मग निवडायचं कसं? माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. गरीब मुलानं शाखेच्या आधी वसतिगृह बघावं. कॉलेजच्या आवारात, माफक दरात, पहिल्या वर्षापासून राहायला मिळतं का? मिळत असेल तर कॉम्प्युटरऐवजी सिव्हिल किंवा मेकॅनिकल घ्यावं लागलं तरी ते कॉलेज वर टाकावं. ‘कुठंही घ्या पण कॉम्प्युटरच घ्या’ हा सध्याचा मंत्र ज्यांच्यामागं घर उभं आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. वसतिगृहात जुन्या पोरांची पुस्तकं मिळतात, रात्री अकराला गणित अडलं तर शेजारच्या खोलीत कुणीतरी जागं असतं, आणि गेट परीक्षा, सरकारी भरती, परदेशातल्या शिष्यवृत्त्या यांची नावं पहिल्यांदा कानावर पडतात ती मेसच्या रांगेत. ज्याच्या घरी हे सांगणारं कुणी नाही, त्याचं अर्धं शिक्षण तिथं होतं.

याच कारणानं ‘घरून ये-जा कर’ म्हणायला मी कचरतो. एसटीचा विद्यार्थी पास स्वस्त पडतो, हे खरं. पण सकाळी सहाची गाडी धरायची, संध्याकाळी प्रॅक्टिकल लांबलं तर शेवटची चुकायची, आणि घरी आल्यावर जनावरांना पाणी दाखवायचं. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले की ‘हुशार होता, पण झेपलं नाही’ असं गाव म्हणून टाकतं. गावाला एसटीचं वेळापत्रक दिसत नाही.

पुण्या-मुंबईत खासगी खोली घेऊन राहायचं असेल तर भत्त्यांची चौकशी आधी करावी. अनुसूचित जातीच्या, वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. तीत मोठ्या शहरांत वर्षाला साठ हजारांपर्यंत मिळतात. मराठा आणि इतर काही घटकांतल्या अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. दोन्ही चांगल्या, दोन्हींचे पैसे नंतर. कर्जाला मी पूर्वीइतका घाबरत नाही. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हे शाखाधिकाऱ्याला ठणकावून सांगायची तयारी मात्र ठेवावी.

दहावीनंतरच पॉलिटेक्निक धरणारी मुलं मला नेहमी शहाणी वाटत आली आहेत. सरकारी पॉलिटेक्निकची फी काही हजारांत बसते, तीन वर्षांत हातात पदविका येते, आणि जमलं तर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाता येतं. मधे घरावर वेळ आली तर नोकरी धरता येते. बारावी करून मग बघू म्हणणाऱ्याच्या हातात तेवढं नसतं.

त्या मुलीच्या फॉर्मकडं परत येतो. २०२५ पासून कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना तोच नियम. म्हणजे हौसेनं वर टाकलेलं, न परवडणारं नाव अंगाशी येऊ शकतं. आम्ही वहीत मेसचा रकाना आखला, तिथं शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना फोन लावून तो भरला, आणि यादी नव्यानं लावली. कराड वर गेलं. मुलगी थोडी हिरमुसली. पुण्याचं नाव तिनं मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. ती सध्या कराडला इलेक्ट्रिकलला आहे आणि वसतिगृहात राहते.

ज्यांच्या घरी यंदा कुणी बारावीला आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, तेव्हा नवा एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांग असते आणि सर्व्हर बंद असतो. जातवैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. मुलाचं बँक खातं आधारला जोडलंय का ते बँकेत जाऊन विचारा. आणि तुम्ही स्वतः अशा एखाद्या कॉलेजात शिकून बाहेर पडला असाल, तर तुमच्या जुन्या शाळेत फोन नंबर देऊन ठेवा. मेस किती, हे कुणीतरी विचारायला येईल.