कव्हरची मागची बाजू

तबला वाजवणाऱ्या माणसाशेजारी बसून गाण्याची एल.पी. ऐकू नये, असं माझी बायको म्हणते. तिचं खरं आहे. आमिर खाँसाहेबांचा मारवा लागलेला असतो, कोमल ऋषभावर ती डोळे मिटून थांबलेली असते आणि मी मध्येच म्हणतो, “आत्ताचं तिरकिट ऐकलंस?” मग ती आतल्या खोलीत निघून जाते आणि उरलेला मारवा मी एकटा ऐकतो.

कान एकदा ठेक्याकडे वळला की परत फिरत नाही. इतरांना रेकॉर्डमध्ये गाणं ऐकू येतं आणि त्यामागे कुठेतरी तबला. माझं उलटं होतं. आधी ठेका ऐकू येतो, मग तो कुणासाठी धरलाय ते कळतं.

या कानाची सुरुवात त्याच मारव्यापासून झाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. १९६०च्या सुमाराची ही एल.पी. ख्याल ऐकणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे. सांगलीला आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांच्याकडे एच.एम.व्ही.चा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, पिन टेकेपर्यंत बोलायचं नाही आणि बाजू संपेपर्यंत उठायचं नाही, असे तिथले नियम. मी तेव्हा तबला शिकत होतो; माझ्या तबल्याच्या गुरुजींनीच मला तिकडे पाठवलं आणि वर ताकीद दिली : “तबला घेऊन जायचं नाही. हातावर मात्रा मोजायच्या, बस.”

मारव्याचा विलंबित झुमऱ्यात आहे. चौदा मात्रा, तीन, चार, तीन, चार असे खंड. खाँसाहेबांच्या लयीत एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण-एक मिनिट लागतं. दोन मात्रांमध्ये एवढी जागा की हात शिवशिवतात. तिथे एखादा मुखडा सहज बसेल, छोटा रेलाही बसेल. तो वाजवणारा काहीच घालत नाही. धिं, मग ऽधा, मग तिरकिट. पुन्हा धिं धिं धागे तिरकिट. प्रत्येक तिरकिटाचं वजन तेवढंच. आधी मला तो कंटाळवाणा वाटला. मोजता मोजता लक्षात यायला लागलं की गायक इतका बिनघोर भटकतोय, कारण त्याला मात्रा शोधावी लागत नाही. तिरकिट ऐकलं की आपण कुठे आहोत हे त्याला कळतं आणि तो पुन्हा निषादाकडे वळतो. साथ म्हणजे काय, हे मला कुणी शब्दांत सांगितलं नाही. त्या बाजूच्या वीस-बावीस मिनिटांनी सांगितलं.

पुढे घरी स्वतःचा प्लेअर आला आणि रेकॉर्डबरोबर वाजवायची चटक लागली. आजही शिकणारी मुलं हे करतात, फक्त मोबाइल लावून. यात एक फायदा आहे आणि एक मोठा तोटा. फायदा असा की रेकॉर्डमधला गायक तुमच्यासाठी थांबत नाही. तुमची लय चढली, तो मागे राहतो; तुम्ही रेंगाळलात, तो पुढे जातो. मैफिलीत भला गायक तबलजीची चूक पोटात घालतो, रेकॉर्ड घालत नाही. शिवाय तबला तिच्या सुरात लावावा लागतो. आमच्या प्लेअरचे सेल उतरायला लागले की काळी एकमध्ये गाणारा हळूहळू पांढरी एककडे घसरायचा. गती सहा टक्क्यांनी कमी झाली की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, हे गणित पुढे समजलं. हातोडी घेऊन गट्टे ठोकायचं कसब त्याआधीच आलं होतं.

तोटा असा की सम कुठून येणार, तिहाई कुठे उचलली जाणार, हे सगळं तोंडपाठ होतं. ऐकायची गरजच संपते. अशा रियाजावर वाढलेला मुलगा मैफिलीत बसला की लगेच ओळखू येतो. गायकाने मुखडा घ्यायच्या आधीच त्याचे हात समेची तयारी करतात आणि गायकाने ऐन वेळी विचार बदलला की बिचारा उघडा पडतो. म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी एक रेकॉर्ड फार दिवस लावू देत नाही.

परवा त्यातल्याच एकाने विचारलं, “सर, जुन्या एल.पी.त द्रुत आलं की तबला एवढा गिचमिड का वाजतो? त्यांचे हात साफ नव्हते का?” त्याला मी तबकडी हातात धरायला दिली. एल.पी. मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या मधल्या, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या ठरलेल्या गतीने फिरते. पण काठाजवळचं वर्तुळ मोठं आणि मधल्या लेबलजवळचं लहान. काठाला पिनेखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खाच सरकते, आत जाता जाता ती निम्म्याहूनही कमी होते. तेवढाच नाद कमी लांबीत कोंबावा लागतो. यात सर्वांत आधी मार खातात ते तीक्ष्ण आवाज : चाटेवरचा ‘ना’, जलद तिरकिट, गायकाची टोकदार तान. आता आपला ख्याल आठवून बघा. तो संथ सुरू होतो आणि द्रुतात संपतो. म्हणजे काठाजवळच्या उत्तम खाचांत विलंबित बसतं आणि तबलजीला जरा हात मोकळा करायची संधी येते ती नेमकी सगळ्यांत वाईट जागी. हात साफच होते. जागा अपुरी होती.

त्याहून मागे गेलं तर डग्गाच नाहीसा होतो. १९२५च्या आसपास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला. त्याआधी गायक भोंग्यासमोर तोंड करून गायचा आणि त्या भोंग्यात खालचे नाद शिरायचेच नाहीत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या ऐकल्या तर तबल्याच्या जागी दूरवर कुणीतरी लाकडावर बोट आपटतंय असं वाटतं. त्यांच्याच १९३०नंतरच्या तबकड्या घ्या. खाली डग्गा घुमू लागतो आणि एकदम सगळ्या गाण्याला बूड मिळतं. मिरजेच्या दर्ग्याजवळ खाँसाहेबांची कबर आहे. उरुसात तिथे वाजवायला बसलो की मला त्यांची ती आधीची तबकडी आठवते, आणि भोंग्यापासून हातभर मागे बसवलेला, ज्याचा डावा हात जगाने ऐकलाच नाही तो माणूस.

त्याचं नाव? १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान यांनी गायलेल्या तबकड्या प्रसिद्ध आहेत. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारतात. कारण साधं होतं : छपाई जर्मनीत हानोव्हरला व्हायची आणि तिथल्या कामगारांना कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं हे कळायला हवं. तीन मिनिटांच्या तबकडीत गायिकेला नावापुरती जागा मिळाली. मागे बसलेल्यांचं नाव कोण पुकारणार?

म्हणून १९५५ची एक एल.पी. मला फार जवळची वाटते. अली अकबर खाँसाहेबांची सरोद, अमेरिकेत केलेलं ध्वनिमुद्रण, येहुदी मेन्युहिन यांची तोंडी प्रस्तावना. आपलं रागसंगीत लाँग प्ले तबकडीवर आलं ते इथून. तबल्यावर चतुरलाल, तानपुऱ्यावर शिरीष गोर. दोघांचीही नावं आहेत. चतुरलाल त्यानंतर दहा वर्षांतच गेले. त्यांचा ठेका ऐकताना मला हेवा वाटतो : ज्यांनी आयुष्यात तबला पाहिला नव्हता अशा लोकांपुढे वाजवताना माणूस दाखवायला जाईल, दणके देईल. चतुरलाल शांतपणे सरोदीच्या मागे चालतात.

‘कॉल ऑफ द व्हॅली’बद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. १९६७ची ही एल.पी. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या तिघांची म्हणून ओळखली जाते. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहिर भैरवपासून पहाडीपर्यंत. मागे होते एच.एम.व्ही.चे जी. एन. जोशी, स्वतः भावगीत गायक, ‘स्वरगंगेच्या तीरी’ लिहिणारे. लोक संतूर आणि बासरीत रमतात, दऱ्याखोऱ्या पाहतात. मला दऱ्या दिसत नाहीत, मला तबल्यावरचे माणिकराव पोपटकर दिसतात. विचार करा, संतूर हे आघातानेच वाजणारं वाद्य. कलमाचा प्रत्येक ठोका तबल्याच्या ठोक्याशी भांडू शकतो. बासरीचा सूर लांब, गिटारची मींड त्याहून सरकती. तीन वाद्यांचे तीन स्वभाव आणि खाली एक तबला. संतूरवर जोरात गेलात तर बोल चिरडतात. बासरीखाली फार हळू गेलात तर लय पाणचट होते. पोपटकरांनी प्रत्येकाखाली हाताचं वजन बदललेलं आहे आणि ते चटकन कळत नाही, यातच त्यांची कमाई. ही तबकडी चौघांची आहे, असं मी शिकवताना सांगतो.

किशोरीताईंचा भूप माझ्यासाठी दुपारचा राग आहे. शास्त्राने तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, पण मास्तर ती एल.पी. रविवारी जेवणं झाल्यावर लावायचे. खाली अंगणात पापड वाळत असायचे आणि वर विलंबित तीनताल चाललेला असायचा. आज कुठल्याही मैफिलीत भूप सुरू झाला की मला भाजक्या उन्हाचा वास येतो. रेकॉर्डने रागांचे प्रहर मोडले अशी तक्रार जाणकार करतात. मोडले खरेच, पण त्याजागी प्रत्येकाच्या घरचे वेगळे प्रहर बसवले, आणि मला तरी त्याचं वाईट वाटत नाही. त्या भूपातला ठेका झुमऱ्याच्या अगदी विरुद्ध टोकाचा. जयपूरची गायकी लयीला पकडूनच चालते, आवर्तन भरत नेते. तिथे तबलजीने सैल सोडून चालत नाही. सोळा मात्रा घट्ट, एकसारख्या हव्यात. एकाच आठवड्यात मारवा आणि भूप लागोपाठ ऐकवले की मुलांना ठेका एकच नसतो हे समजतं, मला व्याख्यान द्यावं लागत नाही.

आणि भीमसेनजींचे अभंग. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चाली. आषाढीला पहाटे कुठल्याही गावात शिरा, कर्ण्यावर तेच सूर असतात. मला हे अभंग प्रचंड आवडतात आणि त्यांनी माझ्या धंद्याला जेवढा त्रास दिलाय तेवढा कशानेच दिला नसेल. अभंगाच्या कार्यक्रमाला बसलो की समोरच्या साठ-सत्तर वर्षांच्या मंडळींच्या मांडीवर बोटं चालू असतात. त्यांना प्रत्येक अंतऱ्यानंतरची लग्गी पाठ आहे. तिथे मी माझं काही वाजवलं की कार्यक्रमानंतर एक आजोबा हमखास गाठतात : “छान झालं हो, पण रेकॉर्डमध्ये असं नाहीये.” भजनी ठेका मुळात किती मोकळा! वारीत चालताना दोन दिंड्यांत तो सारखा मिळायचा नाही. रेकॉर्डवर एका दिवशी, एका स्टुडिओत जसा वाजला तसा तो कायम झाला. आजोबांशी मी वाद घालत नाही. पुढच्या वेळी पहिल्या अभंगाला रेकॉर्डसारखं वाजवतो. एकदा त्यांची खात्री पटली की पुढे हात मोकळा.

हल्ली सगळं मोबाइलवर आहे, आणि मी तक्रार करणार नाही. जो झुमरा ऐकायला मला मास्तरांची मर्जी सांभाळावी लागली, तो आता मुलगा बसमध्ये ऐकतो. पण ॲपवर दिसतो तो कव्हरचा पुढचा भाग : गायकाचं नाव, फोटो. साथीदारांची नावं असली तर ती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असायची. ती बाजू मोबाइलवर आलेलीच नाही. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक कव्हरांवर तर मागेही ती छापलेली नाहीत. ठेका धरणाऱ्याने स्वतःला पुढे करू नये हे मला मान्य आहे. तो त्याच्या हाताचा संयम असतो. नाव न छापण्यात मात्र संयम कुणाचाच नाही, तो निव्वळ हलगर्जीपणा आहे.

तेव्हा एक करा. घर आवरताना माळ्यावर जुन्या एल.पी. सापडल्या तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी कव्हर उलटं करा. तबला, हार्मोनियम, सारंगी, तानपुरा, जी नावं असतील त्यांचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, रेकॉर्डचा नंबरही त्यात येऊ द्या. नावं छापलेली नसतील आणि घरातल्या कुणा वडीलधाऱ्याला आठवत असतील तर पेन्सिलीने तिथेच लिहून ठेवा, आणि कुणी सांगितलं तेही लिहा. तबला शिकणारं एखादं मूल ओळखीत असेल तर ते फोटो त्याला पाठवा.