आलं का चित्र?

मैत्रिणींनो, तुमच्या लहानपणी घराच्या गच्चीवर टी.व्ही.ची अँटेना होती का? आमच्याकडे होती. रविवारी सकाळी नेमक्या वेळेला पडद्यावर मुंग्या यायच्या. मग बाबा गच्चीवर, आई खिडकीत आणि मी टी.व्ही.समोर. बाबा वरून विचारायचे, "आलं का?" मी ओरडायची, "नाही अजून!" आई तेच खिडकीतून वर पोचवायची. शेवटी चित्र यायचं, तेव्हा निम्मा कार्यक्रम संपलेला असायचा.

आज ही आठवण कशाला, म्हणाल. तर गेल्या वैशाखात हाच प्रश्न आमच्या बार्शीच्या घरात पुन्हा उभा राहिला. फरक इतकाच, की या वेळी अँटेना खाली होती आणि कॅमेरा आभाळात!

माझ्या धाकट्या दिरांचा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली लग्नात ड्रोनचं चित्रीकरण नसलं तर लोक दुसरीकडे जातात. म्हणून भाऊजींनी ड्रोन घ्यायचं ठरवलं. पैसे कुठून आणायचे? सासूबाईंनी काही न बोलता आपल्या पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण पडल्या आणि ड्रोन घरात आलं. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी झाली, भाऊजींनी उडवण्याचं प्रमाणपत्रही मिळवलं. आमच्या ह्यांचं मत मात्र पहिल्यापासून वेगळं होतं. "नुसती हौस आहे," असं ते म्हणायचे. खरं सांगते, मनातून मलाही तसंच वाटत होतं.

आणि भर लग्नात घोटाळा झाला. नवरदेवाची वरात दारात आली, भाऊजींनी ड्रोन वर नेलं, आणि रिमोटला जोडलेल्या फोनवर चित्रच येईना! काड्या हलवल्या की ड्रोन ऐकत होतं. फोन मात्र 'उपकरण जोडलेलं नाही' एवढंच सांगत होता. भाऊजींनी घाबरून ते खाली उतरवलं. यजमानांनी ठरलेल्या पैशांतून पाच हजार कापले. रात्री घरात दोघा भावांचं इतकं वाजलं, की दुसऱ्या दिवशी जेवायची पानंसुद्धा वेगवेगळ्या वेळी वाढावी लागली. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगितलं, "आतली पट्टी गेली असेल, पाठवून द्या, दहा-बारा हजार धरून चाला."

मी बी.ए. झालेली, तेही इतिहास घेऊन. शाळेत अर्धा वेळ शिकवते. यंत्रातलं मला काय कळतंय? पण सासूबाईंच्या रिकाम्या मनगटाकडे बघवेना. मी म्हटलं, "भाऊजी, पाठवण्याआधी एकदा मला नीट समजावून सांगा, हे चित्र येतं कसं?"

त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून काढलं. कॅमेऱ्यातून चित्र ड्रोनमधल्या यंत्रात जातं. तिथून हवेतून रिमोटच्या अँटेनाला, रिमोटमधून वायरीनं फोनला, आणि फोनमधल्या अ‍ॅपमुळे ते आपल्याला दिसतं. म्हणजे वाटेत चार-पाच मुक्काम! पोरगं शाळेतून घरी आलं नाही, तर आपण आधी शेजारी विचारतो, मग कोपऱ्यावरच्या दुकानात; एकदम पोलिसांत जात नाही. तसंच मी ठरवलं. आपल्या जवळच्या टोकापासून सुरुवात करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमटी बिघडली म्हणून मीठ, गूळ, चिंच सगळं एकदम घातलं, तर कशानं सुधारली ते कधी कळतं का?

पंखे काढून ड्रोन टेबलावर ठेवलं. शेजारी टेबलफॅन लावला, कारण उडताना त्याला वारा लागतो, नुसतं बसून ते लवकर तापतं. पहिल्यांदा भाऊजींच्या फोनऐवजी माझा फोन जोडला, त्यात ते अ‍ॅप घालून. चित्र नाही. म्हणजे फोनचा दोष नव्हता. रिमोटवरचा दिवा तर ड्रोनशी गाठ पडल्याचं दाखवत होता, म्हणजे हवेतली वाटही मोकळी होती. मग मध्ये उरलं काय? वायर. भाऊजी म्हणाले, "वायर चांगली आहे, वहिनी. बघा ना, फोन चार्ज होतोय."

इथेच सगळे फसतो आपण. दुसऱ्या दिवशी मी ती वायर शाळेत नेली आणि फोन तिथल्या संगणकाला जोडला. फोन चार्ज व्हायला लागला, पण संगणकाला त्याची ओळखच पटेना. आमच्या संगणकाच्या सरांनी सांगितलं, "बाई, या साध्या वायरीत आत चार तारा असाव्या लागतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या वायरीत विजेच्या दोनच असतात. दिवा-पंखा चार्ज करायला तेवढ्या पुरतात."

दिवा! मैत्रिणींनो, माझ्या पोटात धस्स झालं. लग्नाच्या चार दिवस आधी मी घर आवरलं होतं. स्वयंपाकघरातला चार्जिंगचा दिवा, त्याची काळी वायर; भाऊजींच्या पिशवीतली काळी वायर. लांबी सारखी, टोकं सारखी. दोन्ही पुसून, गुंडाळून मीच ठेवल्या होत्या. घरी येऊन दिव्याची वायर काढली, रिमोटला लावली, आणि फोनवर आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर लख्ख दिसलं!

खरी परीक्षा पुढेच होती. घरात कोणी नव्हतं. वायरी गुपचूप बदलून ठेवल्या असत्या, तर 'आपोआप सुरू झालं' म्हणून सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली असती. माझा शब्द राहिला असता, आणि ह्यांच्या लेखी भाऊजी हौशी आणि बेजबाबदार ठरले ते ठरलेच असते. दोन तास मी तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच पुन्हा निवडले!

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा सांगून टाकलं. "भाऊजी, चूक तुमची नव्हती. माझी होती." क्षणभर कोणी बोललं नाही. मग भाऊजी म्हणाले, "बरं झालं आज सांगितलंत, वहिनी. ड्रोनला गिऱ्हाईक ठरवलं होतं मी. उद्या निम्म्या किमतीत देऊन टाकणार होतो." ह्यांनी मान वर केली नाही, पण भाजीचं भांडं धाकट्या भावाकडे सरकवलं. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

पुढच्या लग्नाला मी मुद्दाम बरोबर गेले. या वेळी चित्र आलं, पण ड्रोन जरा लांब गेलं की मध्येच थिजायचं, चौकोन चौकोन व्हायचं. आता मुंग्या येत नाहीत. चित्र एक तर स्वच्छ येतं, नाही तर अडकतं. बघते तर भाऊजी अँटेनाची टोकं बंदुकीसारखी ड्रोनवर रोखून उभे! आमचे बाबा अँटेना मनोऱ्याच्या दिशेला रोखायचे, ती जात वेगळी. रिमोटच्या या दांड्या ट्यूबलाइटसारख्या असतात. ट्यूबचा उजेड तिच्या अंगातून पडतो, टोकातून नाही. तशी दांडीची टोकं नव्हे, तिची बाजू ड्रोनकडे हवी.

शिवाय ते उभे होते कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडखाली, वाय-फायच्या डब्याशेजारी. पत्रा या लहरी अडवतो. ओली झाडं आणि माणसांची गर्दीही त्या शोषून घेते. आणि ड्रोन बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतं, वाय-फायही त्याच आळीत राहतं. बाजारात सगळे एकदम ओरडले तर भाजीवाल्याला आपलं कसं ऐकू जाणार? भाऊजी उघड्यावर येऊन उभे राहिले, अ‍ॅपमध्ये २.४ वरून ५.८ वर गेले. भिंतीपलीकडे ५.८ जरा कमीच पोचतं, पण मोकळ्या जागेत तिथे गर्दी कमी.

तुमच्याही घरात कोणी मुलगा, दीर किंवा तुम्ही स्वतः हा उद्योग करत असाल, तर एवढं सांगते. आदल्या दिवशी त्याच वायरीनं, त्याच फोनवर एकदा चित्र बघून घ्या. वायरीला रंगीत दोरा बांधून ठेवा. आम्ही लाल बांधलाय. फोनमधली बाकीची अ‍ॅप बंद करा. आणि हवेत असताना चित्र गेलं, तर काड्यांशी झोंबू नका. हात सोडले की उपग्रहाची साथ असलेलं ड्रोन जागेवर थांबतं. मग डोळ्यांनी बघून आणावं, किंवा घरी परतण्याचं बटण दाबावं. परत येतानाची उंची मात्र झाडांपेक्षा जास्त आधीच ठरवून ठेवलेली असावी. दुसरं म्हणजे, फोनवर दिसलं नाही तरी चालू केलेलं चित्रीकरण ड्रोनमधल्या कार्डावर उतरतच असतं. हे त्या दिवशी भाऊजींना सुचलं असतं, तर पाच हजार वाचले असते.

दिवाळीआधी सासूबाईंच्या पाटल्या सुटून आल्या. घालताना म्हणाल्या, "अगं, आता त्या वायरींना हात लावू नकोस हो!" सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं हे.

आता लग्नाला गेलं की मी मांडवाच्या कडेला उभी राहते आणि आईसारखी ओरडते, "आलं का, भाऊजी?"

"आलं, वहिनी!"