पंखाची उलटी बाजू

श्रावण लागला की मुरबाडकडून माझ्या फोनवर पिवळी फुलपाखरं उतरू लागतात. भाचा टोकावड्याच्या बाजूला शाळेत शिकवतो. जाता-येता गाडी कडेला लावून फोटो काढायचे आणि रात्री जेवणं उरकली की पाठवायचे, हा त्याचा नेम. खाली एकच ओळ : ‘मामा, हे कोणतं?’ मग मी इकडे आसनगावात, स्टेशनावरून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत, दोन बोटांनी ते पंख ताणत बसतो.

उडताना पाहाल तर सगळी पिवळी एकसारखीच पिवळीधम्मक. पुढच्या पंखाच्या टोकाला काळी कड, बस्स. पण ग्रास यलो या एका नावाखाली चार-पाच भावंडं वावरतात. वरच्या रंगावरून त्यांचा निवाडा करायला जाल तर फसाल, कारण तो रंग ऊन, वय आणि फोनचा कॅमेरा या तिघांच्या मर्जीवर असतो. वाचायची असते ती पंखाची उलटी बाजू, फुलपाखरू बसल्यावरच दिसणारी. पुढच्या पंखात, अंगाच्या लगत, शिरांनी वेढलेलं एक लांबट बंद घर असतं. अभ्यासक त्याला सेल म्हणतात. त्या घरात पुसट तपकिरी खुणा असतात. दोन असल्या तर कॉमन ग्रास यलो, तीन असल्या तर थ्री-स्पॉट. एकही नसली तर स्मॉल किंवा स्पॉटलेस; त्यातही पुढच्या पंखाचं टोक कापल्यासारखं चौकोनी आणि मागच्या पंखावर गंजाच्या रंगाच्या दोन तिरप्या रेघा असल्या, तर कोरड्या दिवसांतलं स्पॉटलेस. गंमत अशी की बसलेल्या फुलपाखराचा मागचा पंख नेमका त्या घरावर सरकलेला असतो. दोन खुणा दिसतात, तिसरी आड आहे की मुळात नाहीच, यावर आमच्या रात्री जातात.

अशा वेळी झाड मदतीला येतं. भाच्याच्या वर्गात ठाकर आणि कातकरी घरांतली मुलं आहेत. फोटोत कोपऱ्यात आलेलं अर्धं पान पाहून ती झाडाचं नाव सांगतात, तेही पुस्तक न उघडता. ‘टाकळा आहे सर,’ म्हणाली, की माझं अर्धं काम होतं. पहिल्या पावसात बांधावर उगवणारा टाकळा कोवळा असेपर्यंत माणसांचा. शहापूरच्या बाजारात बायका त्याचे वाटे लावून बसतात. पुढे तो निबर होतो, शेंगा धरतो, मग त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, आणि कॉमन ग्रास यलोची मादी मात्र पानापानावर थांबत एकेक अंडं ठेवत जाते. थ्री-स्पॉटची रीत वेगळी. ती एका ठिकाणी घोळका करून अंडी घालते, आणि तिच्या अळ्याही जथ्यानंच पान फस्त करतात. फोटोत मादी अंडी घालताना सापडली, तर ठिपके मोजायची गरजही पडत नाही.

जुन्या पुस्तकांना हा प्रश्न नव्हता. तिथली फुलपाखरं टाचणीवर, पंख पसरून, वरची बाजू आपल्याकडे करून ठेवलेली. विंटर-ब्लाइथ यांचं पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९५७ साली काढलं, आणि बरीच वर्षं आपल्याकडच्या हौशी माणसांचा तोच मोठा आधार होता. कृष्णमेघ कुंटे यांचं द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक २००० साली आलं. पुढे २००८ साली आयझॅक किहिमकर यांचं आलं, जिवंत फुलपाखरांच्या फोटोंनी भरलेलं. तोवर कॅमेरे हातोहाती झाले होते, जाळी अडगळीत गेली होती, आणि ओळख पटवायची ती बसलेल्या, मिटलेल्या, कधी फाटक्या पंखांवरून, असा नवा खेळ सुरू झाला. मला हा खेळ जुन्यापेक्षा अवघड वाटतो आणि जास्त आवडतोही.

त्यातली माझी लाडकी जोडी म्हणजे बिबळ्या कडवा आणि छोटा चांदवा. इंग्रजीत प्लेन टायगर आणि डॅनाइड एगफ्लाय. बिबळ्या कडवा रुईवर वाढतो. खडीच्या रस्त्याकडेला, वीटभट्टीमागे, कुठेही रुई असते, त्यामुळे हाही सगळीकडे. अळी रुईचा चीक पचवते, त्यातला कडवटपणा अंगात साठवते, आणि पुढे नारिंगी पंख हलवत अशी निवांत उडते की जणू पक्ष्यांना सांगतेय, चाखून बघाच. छोट्या चांदव्याच्या मादीनं हा सगळा थाट उचलला आहे : तोच नारिंगी रंग, टोकाचा तोच काळा भाग, त्यात तोच पांढरा पट्टा, वर उडण्यातला तोच आळस. कडवटपणा तेवढा नाही. तिच्या अळ्या घोळावर वाढतात, आपण डाळीत घालतो त्याच घोळावर. तिचा नर मात्र तिच्याशी काडीचं नातं न सांगणारा, काळाभोर, पंखांवर निळसर झाक मारणारे पांढरे चांदवे घेऊन फिरणारा.

किन्हवलीजवळच्या एका ओळखीच्या परसातला फोटो मला आला होता, खाली ‘बिबळ्या कडवा, मादी’ असं ठामपणे लिहिलेलं. मादी बसली होती घोळावर आणि पोट वाकवून पानाला टेकवत होती. रुई सोडून बिबळ्या कडवा घोळावर अंडी कशाला घालेल? मग मागचा पंख मोठा करून पाहिला. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, मादीला तीन. नराला चौथा, तो त्याच्या गंधाच्या पिशवीचा. इथे मध्य कोरा होता, आणि पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा डाग. रंगात, आकारात, चालीत हुबेहूब उतरलेली नक्कल त्या एका डागाशी येऊन थांबली होती. पक्ष्याला तेवढं मोजायला सवड नसते.

कॉमन मॉरमॉनची मादी याहून धीट. तिच्यात तीन तऱ्हा. एक आपल्या नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. ही दोन्ही रोझ सापसंदाच्या वेलीवर वाढणारी, पक्ष्यांना न रुचणारी. एकाच कढीपत्त्यावर वाढलेल्या बहिणी अशा तीन वेषांत निघू शकतात. हा वेष डबलसेक्स या एकाच जनुकाच्या ताब्यात आहे, हे कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. फोटोपुरतं सांगायचं तर पंख विसरा आणि अंग बघा : रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं. पंखांवर एवढी मेहनत घेतलेली नक्कल अंग रंगवायचं विसरली!

आणि मग ऋतू. याची दखल न घेता फक्त फोटो चाळणारा माणूस एका फुलपाखराची दोन करतो, आणि त्यात तो एकटा नाही. लिनीअसनं १७५८ साली पीकॉक पॅन्सीला दोन नावं दिली, अल्माना आणि अ‍ॅस्टेरी. त्याच्यापुढचे नमुने त्याच्यासाठी खरोखरच दोन होते : एकाची उलटी बाजू करडी, कोनदार, वाळल्या पानाची, दुसऱ्याच्या उलट्या बाजूवर डोळे. पावसाळ्यातलं आणि कोरड्या दिवसांतलं, एवढाच फरक होता. पुढे १८८० च्या दशकात कलकत्त्यात लायोनेल द नीसव्हिलनं अळ्या पाळून, एकाच वंशातून अशी दोन रूपं निघताना पाहून, काही तपकिरी फुलपाखरांच्या बाबतीत हा घोळ निस्तरला.

मुरबाडला हे बघायला पाळणूक करावी लागत नाही. भादव्यात माळशेजच्या वाटेवर, गुडघाभर हिरव्या गवतात बसलेल्या पॅन्सीचा फोटो घ्या. मग भात झोडून झाल्यावर, खळी रिकामी पडल्यावर, त्याच वळणावर पुन्हा घ्या. डोळे गेलेले असतात. गवत करडं, जमीन करडी, पंख करडा, आणि पंखाच्या टोकाशी देठासारखी शेपटीही. राबभाजणीचे दिवस येईपर्यंत सागाच्या पडलेल्या पानांत ईव्हनिंग ब्राउन अशी मिसळते की आधी फोटोत फुलपाखरू शोधायचं, मग नाव. या ब्राउनच्या कोरड्या दिवसांतल्या रूपात दोन सारखी सापडणं कठीण. म्हणून फोटोखाली महिना नसेल तर मी उत्तर देत नाही. लोक रागावतात, रागावोत. हल्ली ॲप महिना न विचारता क्षणात नाव देतं, आणि लोकांना तेच बरं वाटतं.

ग्रास ब्लू हे या खेळातलं सर्वांत चिमुकलं प्रकरण. शाळेच्या मैदानात, दुर्वेत, आंबुटीवर, बोटाच्या पेराएवढं. पेल ग्रास ब्लूच्या पुढच्या पंखाखाली त्या बंद घरात एक ठिपका असतो, लेसर ग्रास ब्लूच्या घरात नसतो. लेसरच्या मागच्या पंखावर ठिपक्यांची जी कमान असते, त्यातला एक जागा सोडून आत सरकलेला. एवढं दिसायला फोटो गुडघ्यावर बसून काढावा लागतो. वाकायची तयारी नसणाऱ्यांनी हा नाद करू नये.

पण बुशब्राउनपुढे गुडघेही चालत नाहीत. त्यांच्या नरांच्या पंखांवर गंधखवल्यांचा जो पट्टा असतो, त्यावरून कॉमन कोण आणि डार्क-ब्रँड कोण हे पक्कं होतं. तो पट्टा असतो मागच्या आणि पुढच्या पंखाच्या दुमडीत, आणि बुशब्राउन बसलं की पंख मिटून बसतं. म्हणजे इथे उलटी बाजू पुरत नाही, दुमडीतली जागाच दिसायला हवी, आणि तीच मिळत नाही. माहुलीच्या पायथ्याचे, तानसाच्या काठचे, बारवीच्या जंगलातले असे किती तरी फोटो मी एका फोल्डरात वेगळे ठेवले आहेत. नावाच्या जागी ‘बुशब्राउन’ एवढंच, आणि पुढे महिना, झाड, गाव. परवा डोळखांबच्या एका फोटोत पंख किंचित विलग होते, फटीतून काहीतरी गडद दिसतंय. पट्टा असेल, सावलीही असेल. फोटो काढणाऱ्याला विचारलंय, एकामागोमाग दोन-तीन काढले होते का म्हणून.